काउंटरवर वाचता येतील अशी पुस्तकं

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

माझं बार्शीत एसटी स्टँडजवळ मेडिकल आहे. वय एक्केचाळीस. सकाळी नऊला शटर उघडतो, ते रात्री दहाला बंद होतं. दुपारी दोन ते साडेचार गिऱ्हाईक तुरळक असतं. तो वेळ मोबाइलमध्ये जातो आणि नंतर काय बघितलं तेही आठवत नाही. मागच्या वर्षी ग्रंथप्रदर्शनातून पाच पुस्तकं आणली. दोन जाडजूड ऐतिहासिक कादंबऱ्या, दोन यशस्वी कसं व्हावं सांगणारी अनुवादित पुस्तकं आणि मेहुण्यांनी (ते प्राध्यापक आहेत) सुचवलेली एक पुरस्कारप्राप्त कादंबरी. एकही पुरं झालं नाही. रात्री झोपताना हातात घेतो, दोन पानांत डोळे मिटतात.

पेपर मात्र मी जाहीर नोटिशींपर्यंत वाचतो. शाळेत असताना भाड्याने आणून भुताखेताची पुस्तकं वाचायचो. वडिलांनी एकदा पकडलं आणि पुस्तक बंबात घातलं, तेव्हापासून वाचन सुटलं. दुकानात दर महिन्याला एक आजोबा येतात. स्ट्रिप कापून दहाच गोळ्या घेतात आणि विकलेल्या बैलाचं नाव काढून तासभर बोलत बसतात. त्यांचं ऐकताना वेळ कसा जातो कळत नाही. मग पुस्तकातच मन का लागत नाही? मी वाचणारा माणूसच नाही का? रोज किती पानं वाचावीत, कोणती पुस्तकं घ्यावीत, सांगा. मुलगी सातवीत आहे, माझं बघून तीही वाचेल असं वाटतं.

ता. क. मोबाइलवर वाचलं तर चालेल का?

एक औषधविक्रेता, बार्शी

उत्तर

सप्रेम नमस्कार.

जाहीर नोटिशींपर्यंत पेपर वाचणाऱ्या माणसाला वाचक नाही म्हणायला मी तयार नाही. कोणत्या गटाचं भांडण आहे, हरकत सख्ख्या भावाची आहे की चुलत्याची, आईचं नाव सातबाऱ्यावर आहे की नाही, हे सगळं तुम्ही वाचता. म्हणजे तुम्हाला माणसांच्या भानगडींत रस आहे. आजोबांच्या बैलापाशी तुम्ही रमता तेही त्यामुळेच. आता ती पाच पुस्तकं बघा. दोन घेतली कारण ती घरात असावीत असं सगळे म्हणतात. दोन घेतली धंद्याला उपयोगी पडतील म्हणून. एक घेतलं मेहुण्यांचा मान राखायला. तुम्हाला काय ऐकायला आवडतं, याचा विचार करून एकही घेतलेलं नाही. पुस्तकांचा यात काही दोष नाही. पण मी बरीच वर्षं वाचनालयाच्या टेबलामागे बसले आहे आणि वाचन सुटलेली माणसं बहुतेक अशाच गठ्ठ्याखाली सापडतात.

आधी रात्रीचं बोलू. तेरा तास उभं राहून आलेल्या माणसाला दोन पानांत झोप आली तर त्यात मन लागण्या-न लागण्याचा काही संबंध नाही. रात्रीचं वाचन सोडून द्या. आणि एक विचारते, राग मानू नका. डोळे तपासलेत का? एक्केचाळीस म्हणजे चाळिशीचा चष्मा लागायचं वय. दुकानात भरपूर उजेड असतो, स्ट्रिपवरची बारीक तारीख हात लांब करून वाचता येते. घरी पिवळ्या दिव्याखाली, आडवं पडून, दाट छपाईचं जाड पुस्तक धरलं की डोळे ताणले जातात आणि आपल्याला वाटतं पुस्तक कंटाळवाणं आहे. आमच्याकडे ‘हल्ली वाचवत नाही’ म्हणून वर्गणी बंद करायला आलेल्या कितीतरी जणांना मी आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं आहे. सगळे परत आले असं नाही, पण बरेच आले.

तुमची खरी वेळ दुपारची. अडीच तास, डोक्यावर ट्यूबलाइट, बसायला स्टूल. एवढं पुण्या-मुंबईच्या नोकरदारांना मिळत नाही. अडचण एकच, मध्येच कोणीतरी खोकल्याचं औषध मागायला येणार. म्हणून काउंटरवर कादंबरी नको, कथा किंवा व्यक्तिचित्रं ठेवा. द. मा. मिरासदारांचं ‘मिरासदारी’ आणि शंकर पाटलांचं ‘वळीव’ यांतली एखादी गोष्ट वीस-पंचवीस मिनिटांत होते. मध्ये दोन गिऱ्हाईकं आली तरी धागा तुटत नाही, कारण गावातली माणसं तुमच्या ओळखीचीच आहेत. मिरासदार वाचताना एकटेच हसत बसलात तर समोरचा विचित्र बघेल, तेवढी तयारी ठेवा. पुस्तक बिलबुकाशेजारी उघडं, पालथं घालून ठेवा. ग्रंथपालाने असं सांगू नये, बांधणी खिळखिळी होते. पण खुणेची पट्टी घालून, बंद करून ड्रॉवरमध्ये गेलेलं पुस्तक दुपारी पुन्हा बाहेर येत नाही, हेही मला ठाऊक आहे. आणि मोबाइल? पैसे जमा झाल्याचं तो काउंटरवरचा डबा ओरडून सांगतोच. होलसेलरच्या ऑर्डरीपुरता फोन लागतो, तो मागच्या फळीवर चार्जिंगला लावा. उठून जावं लागलं की अर्ध्या वेळा जाणारच नाही.

यशस्वी होण्याच्या पुस्तकांबद्दल माझं मत जरा कडवट आहे. तुमच्याकडे औषध कंपनीचा प्रतिनिधी, एमआर, येतो, एकच मुद्दा आठ चकचकीत पानांवर फिरवून सांगतो आणि जाताना कार्ड ठेवून जातो. त्यातली बरीचशी पुस्तकं तशीच असतात. पहिल्या तीस पानांत माल संपतो, पुढे उदाहरणं. ज्यांना उपयोग होतो त्यांनी जरूर वाचावीत. पण वाचनाची गोडी पुन्हा लावायची असेल तेव्हा सुधारणेचा उपदेश करणारं पुस्तक हातात घेऊ नये. तुम्ही दिवसभर लोकांना ‘जेवणानंतर घ्या, कोर्स पूर्ण करा’ सांगता, दुपारी तुम्हाला कोणी तेच सांगितलं तर झोप येणारच.

आता कोणती पुस्तकं घ्यावीत ते. यादी मागाल तर मी शंभर नावं देईन आणि तुम्ही पुन्हा गठ्ठा कराल. मी एकच नाव देते, व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’. १९५५ची आहे. बारीक पुस्तक, दीडशेच्या आसपास पानं. एक पोरसवदा मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो. शाळेत पोरं नाहीत, ती मेंढरांमागे. वाडीचा म्हातारा कारभारी, चोऱ्या करणारा आणि तरी शब्दाला पक्का असलेला आनंदा रामोशी, मास्तरच्या सावलीसारखा राहणारा आयबू, सदा कुरकुरणारा दादू बालट्या. पुढे दुष्काळ पडतो. माणदेश म्हणजे आटपाडी, सांगोला, थोडा तुमच्याच जिल्ह्यातला, थोडा त्याला लागलेला मुलूख. बोलीही परकी वाटणार नाही. हे पुस्तक काउंटरवर नको, दुकान बंद असेल त्या दिवशी घ्या.

वाचून झाल्यावर एक काम करा. ‘आवडलं’ म्हणून थांबू नका, त्यातलं नेमकं काय आवडलं ते धरून ठेवा. याच्याइतका उपयोगी प्रश्न मला नोकरीत दुसरा सापडला नाही. ‘बनगरवाडी’ परत करायला आलेल्यांना मी तो विचारत असे आणि उत्तरं अगदी वेगवेगळी यायची. कोणाला त्यातली माणसं आवडायची. अशा वाचकाने माडगूळकरांचंच ‘माणदेशी माणसं’ घ्यावं, मग पु. ल. देशपांड्यांचं ‘व्यक्ती आणि वल्ली’, आणि हसून झालं की अनिल अवचटांचं ‘माणसं’, ते मात्र प्रत्यक्ष हिंडून, बघून लिहिलेलं आहे आणि जिव्हारी लागतं. कोणाला त्यातला दुष्काळ, जमीन, गाव उठून जाणं हे भिडायचं. त्यांना मी सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ देत असे, शिकून घरी बसलेल्या शेतकऱ्याच्या पोरांची गोष्ट. दमाचे वाचक असतील तर विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’, धरणाने उठवलेल्या लोकांची. आणि काहींना आवडायचा तो कोवळा मास्तर, त्याचं बावरणं, जग पहिल्यांदा बघणं. त्यांची वाट तिसरीच. मिलिंद बोकिलांची ‘शाळा’, प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’. पुस्तक एकच, पण तिघांनी पुढे तीन वेगळ्या दिशांना जायला हवं. लोक काय करतात, तर ‘ग्रामीण आवडलं’ म्हणतात आणि पुढचं कुठलंही ग्रामीण पुस्तक उचलतात, ते आवडलं नाही की पहिल्यावरचाही विश्वास उडतो. तुमच्या पत्रावरून माझा अंदाज तुम्ही पहिल्या वाटेचे. चुकला तर चुकला.

भुताखेताचंही विसरू नका. वडिलांनी पुस्तक बंबात घातलं म्हणून ती आवड गेली असं समजू नका. तुमच्या शाळेच्या दिवसांत भाड्याच्या पुस्तकांत नारायण धारप हमखास असायचे. एखादं वाचनालयातून आणून बघा. तेव्हाइतकी भीती वाटणार नाही कदाचित, पण रात्री दुकान बंद करून घरी येताना मागे वळून बघावंसं वाटलं तर समजा अजून चालतंय. धारपांकडून रत्नाकर मतकरींच्या गूढकथांकडे जाता येतं आणि मतकरी आवडले तर एखाद्या सुट्टीत जी. ए. कुलकर्णींचं ‘काजळमाया’ उघडून बघा. ते जड आहे, घाईने वाचण्यासारखं नाही. पण अंधाराची ओढ ज्याला आहे त्याला ते आज ना उद्या सापडावं असं मला वाटतं. हलकं आणि भारी असे दोन डबे करून ठेवले की मधला पूल दिसत नाही.

यातलं काहीही विकत घेऊ नका. निदान पहिलं वर्षभर. विकत घेतलेलं पुस्तक पैसे वसूल करायला वाचावं लागतं, वाचनालयाचं पुस्तक बिनदिक्कत परत करता येतं. महाराष्ट्रात १९६७चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, त्याखाली शासनमान्य वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. लहान वर्गाच्या वाचनालयात नवी पुस्तकं कमी असतील, पण मी वर घेतलेली बहुतेक नावं जुनी आहेत, ती सापडावीत. अनामत भरायची आणि महिन्याची वर्गणी. अनामत परत मिळते.

तिथे गेल्यावर काय करायचं ते नीट सांगते, कारण इथेच लोक बुजतात. ‘काहीतरी चांगलं द्या’ म्हणू नका. असं कोणी म्हटलं की आम्ही समोर पडलेलं पुढे सरकवतो, खरं सांगायचं तर. त्याऐवजी सांगा, ‘मला मिरासदार आवडले, तसं पण थोडं गंभीर काही आहे का?’ ग्रंथपाल लगेच खुर्चीतून उठतो. दुसरं, टेबलावर परत आलेल्या पुस्तकांचा ढीग असतो, कपाटात लावायचा राहिलेला. कपाटांआधी तो चाळा. गाव सध्या काय वाचतंय ते त्या ढिगात असतं. मुक्तद्वार वाचनालय असेल, म्हणजे कपाटापर्यंत जाता येत असेल, तर पुस्तक बंद करून पानांची बाहेरची कड बघा. वापरलेल्या पुस्तकाच्या कडेला बोटांचा मळ बसतो. पहिली चाळीस-पन्नास पानं मळकी आणि पुढे सगळं पांढरंशुभ्र असेल तर लोकांनी घेतलं पण तिथेच सोडलं. शेवटपर्यंत एकसारखी मळकी कड दिसली तर गावाने ते पुरं वाचलं आहे. मागच्या पानावरच्या चिठ्ठीत तारखांचे शिक्के दाटीने असतील तर आणखी चांगलं. हल्ली संगणकावर नोंद होते, कित्येक ठिकाणी ती चिठ्ठी गेली. मळ मात्र अजून बसतो.

मग मधलंच कुठलंतरी पान उघडा आणि उभ्याउभ्या वाचा. पहिलं पान नको, ते प्रत्येक लेखक घासूनपुसून लिहितो. मलपृष्ठावरचा मजकूर तर नकोच. प्रस्तावना, मनोगत, ऋणनिर्देश हे सगळं ओलांडून थेट गोष्टीत शिरा. प्रस्तावना शेवटी वाचायची असते, तीही पुस्तक आवडलं तरच. मधल्या पानावर ‘हा कोण, हिला असं का म्हणाला?’ असं मनात आलं तर पुस्तक घरी न्या.

दिवाळीनंतरचे महिने तुमच्यासारख्यांना फार चांगले. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठीत ही चैन आहे. एका अंकात कथा, लेख, कविता, व्यंगचित्रं, एखादी लघुकादंबरी. बरीच वाचनालयं दिवाळी अंकांची वेगळी योजना करतात, थोड्या वर्गणीत महिनोन्‌महिने अंक बदलून मिळतात. जे लेखन आवडेल त्याच्या लेखकाचं नाव संपलेल्या मालाच्या वहीत मागच्या पानावर टिपून ठेवा. न आवडलेलं पुढे ढकला, कोणी विचारणार नाही. जुने अंक रद्दीवाल्याकडे किलोवर मिळतात, तेही वाईट नाहीत.

पुस्तक अर्ध्यात सोडल्याची टोचणी तुमच्या पत्रात जागोजागी आहे. अँटिबायोटिकचा कोर्स पुरा करायचा असतो, कादंबरीचा नाही. लागोपाठ तीन दुपारी पुस्तक समोर असून तुम्ही दुसरंच काहीतरी आवरत बसलात तर ते परत करा. पानांचा हिशेब नको. फक्त एवढं बघा, की पुस्तक आवडत नाहीये, की वेळ चुकीची आहे. त्या जाड ऐतिहासिक कादंबऱ्या मला वाटतं दुसऱ्या प्रकारात मोडतात. त्यांना सलग बैठक लागते, नावं आणि नाती लक्षात ठेवावी लागतात, आणि दर दहा मिनिटांनी कोणीतरी डोकेदुखीची गोळी मागत असताना दरबारातलं राजकारण कसं कळणार? त्या कपाटात राहू द्या. मेहुण्यांच्या कादंबरीचंही तसंच. पुरस्कार मिळालेलं पुस्तक अवघडच असतं असं नाही, ‘व्यक्ती आणि वल्ली’लाही १९६५चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. पण पुरस्काराची समिती तुमच्या आवडीचा विचार करून बसलेली नसते. मेहुण्यांनी विचारलं तर सरळ सांगा, सुरू केली होती, आत्ता जमली नाही. प्राध्यापकांच्या घरीही न वाचलेली पुस्तकं असतात, भरपूर असतात.

रोज किती पानं, याचं उत्तर मी देणार नाही. पानांचा आकडा ठरवला की माणूस आकडा पुरा करायला वाचतो. वर्षात बावन्न पुस्तकांचे संकल्प करणारे लोक मी बघितले आहेत, फेब्रुवारीत पातळ पुस्तकं मागायला येतात. वेळ ठरवा, दोनला डबा खाल्ल्यावर स्टुलावर बसलं की पुस्तक. एखाद्या दिवशी साथ आली, दुकानात रांग लागली, वाचन झालं नाही तर झालं नाही. दुसऱ्या दिवशी दुप्पट करायचं नाही.

मुलीचं. तुम्ही वाचताना ती तुम्हाला बघणारच नाही, तुम्ही दुकानात असाल. दाखवण्यासाठी घरी पुस्तक घेऊन बसू नका, सातवीतल्या मुलीला ते लगेच कळतं. तिला वाचनालयाच्या बालविभागाचं स्वतःचं कार्ड काढून द्या आणि निवड तिची तिला करू द्या. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे सुचवून बघा. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघतं, त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. तिने भुताचं किंवा प्रेमाचं आणलं तर बंब आठवा आणि गप्प बसा. वाचून झाल्यावर ‘यातून काय शिकलीस’ हे अजिबात विचारू नका. ‘व्यक्ती आणि वल्ली’तला पुस्तकी सखाराम गटणे घरात नको असेल तर ते प्रश्नोत्तर टाळा. फार तर ‘मग पुढे काय झालं?’ विचारा आणि ती सांगेल ते ऐका, त्या आजोबांचं ऐकता तसं.

तुमच्या ता. क.चं. मोबाइलवर वाचायला माझी हरकत नाही, पण दोन गोष्टी. जुन्या पुस्तकांची स्कॅन केलेली पानं छोट्या पडद्यावर मावत नाहीत, सारखं इकडेतिकडे सरकवावं लागतं आणि चाळिशीत ते फार जाचक होतं. ई-पुस्तक असेल तर अक्षर मोठं करता येतं, ते बरं. कानांनी ऐकायची पुस्तकंही आता मराठीत पुष्कळ आहेत, पण दुकानात कानात बोंड घालून बसलात तर गिऱ्हाईक शेजारच्या मेडिकलमध्ये जाईल, म्हणून ती सकाळी फिरायला जाताना ऐका. काउंटरवर मात्र कागदाचंच पुस्तक. आणि ते धुळीत, औषधांच्या थेंबांत मळलं, तर वाचनालय दंड करतं, म्हणून जुन्या कॅलेंडरचं कव्हर घाला.